दहा पानं आणि सातपट

संस्थेची वेबसाइट नव्याने करायची ठरली. खरेदीचं खातं माझ्याकडे, त्यामुळे डिझायनर शोधायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. एजन्सीचं बजेट नाही, फ्रीलान्सरच बघा, असा वरून निरोप. आलेल्या कोटेशनांतलं सगळ्यात स्वस्त अर्ध्या पानात आटपलेलं: दहा पानांची साइट, मोबाइलवर चालणारी, खाली एकच आकडा. सगळ्यात महागडं चार पानी आणि रक्कम जवळजवळ सातपट. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "दहा पानं ती दहा पानंच ना? मग एवढे पैसे कसले?"

चार पानी कोटेशनवाल्या बाईंना मी भेटायला बोलावलं, ते उघडच घासाघीस करायला.

बाईंनी लॅपटॉप उघडलाच नाही. आधी प्रश्न सुरू केले. मजकूर कोण लिहिणार? फोटो तुमचे की विकत घ्यायचे? साइट तयार झाल्यावर त्यात बदल कोण करणार? आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे?

"आमच्याच," मी म्हटलं. "दर वर्षी पैसे भरतो की."

"पैसे भरता, पण कोणाला?"

फाइल काढली. पैसे जात होते ते जुनी साइट करून देणाऱ्या गृहस्थांना, 'वार्षिक खर्च' या नावाखाली. डोमेनचं खातं त्यांच्या वैयक्तिक ईमेलवर होतं आणि मुदत महिन्याभरात संपत होती. त्यांनी हा धंदा केव्हाच सोडलेला. डोमेनची मुदत टळली की साइटबरोबर त्याच नावावरचे सगळे ईमेलही बंद पडतात. पुढे डोमेनच रद्द झालं की सोडवायला काही दिवस मिळतात खरे, पण जबर दंड भरून. नंतर ते नाव कोणीही घेऊ शकतं. साहेब, जे आतापर्यंत दारातून ऐकत होते, ते खुर्ची ओढून बसलेच. फोनाफोनी झाली. नशिबाने गृहस्थ सापडले, नूतनीकरण करून डोमेन आमच्या खात्यात हलवायला लागणारा ट्रान्सफरचा कोड द्यायला कबूलही झाले. अजून आमचा त्या बाईंशी एका पैशाचाही करार झालेला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग आकड्यांवर आलो. साहेबांनी ऐकीव माहिती पुढे केली, "साइट बनवायचं ते वर्डप्रेस सॉफ्टवेअर तर फुकट असतं म्हणे."

"२००३ पासून फुकटच आहे," त्या हसून म्हणाल्या. "मी त्याचे पैसे लावलेलेच नाहीत." त्यांनी लावलेले होते तासांचे. पानं दहा असली तरी साचे, म्हणजे पानांच्या मांडण्या, चारच. एक साचा बनला की त्यावर चार पानं ओतायला फारसा वेळ लागत नाही. सगळे तास खात होतं ते एकच पान, नावनोंदणीचं: फॉर्म, ऑनलाइन पैसे, पावती, पैसे अडकले तर काय, चाचण्या. स्वस्त कोटेशनात हेही इतर पानांसारखंच एक पान होतं. उलट त्यात एसएसएलचे, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, दर वर्षी वेगळे पैसे होते. बाई म्हणाल्या, आपल्यासारख्या साइटला 'लेट्स एन्क्रिप्ट'चं मोफत प्रमाणपत्र पुरतं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतं. ती ओळ मी तिथेच पेनने खोडली.

त्यांनी आमचं लेटरहेड मागून घेतलं. पांढऱ्यावर नारिंगी अक्षरं. फोनवर रंग टाकून दाखवले: साध्या मजकुरात अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, आमचा जेमतेम अडीच. "उतारवयातल्या माणसाला हे दिसणारच नाही. रंग किती गडद करायचा, यात माझा अर्धा दिवस जाईल. तो 'डिझाइन' या ओळीत आहे."

तासाचा दर मात्र मला खटकत होता. आमच्या पगाराच्या हिशेबाने फारच जास्त. तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आजारपण, सुट्टी, सॉफ्टवेअर, कर सगळं त्याच दरातून निघतं. आणि आत्ता इथे बसलेय त्याचे पैसे कोणी देत नाही. माझं मत विचाराल तर दरावर भांडण्यात अर्थ नाही, किती तास ते विचारावं आणि कुठले तास नकोत ते आपण ठरवावं. आम्ही ऑनलाइन पैसे पुढच्या टप्प्यावर ढकलले, फॉर्म तेवढा ठेवला. रक्कम एक तृतीयांशाने उतरली, दर तोच राहिला.

करारात मी दोन कलमं हट्टाने घातली: डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) संस्थेच्या ईमेलवर, आणि शेवटचा हप्ता दिला की डिझाइनचे हक्क व मूळ फाइली आमच्या. डिझाइनमध्ये फेरबदलाच्या दोन फेऱ्या रकमेत धरलेल्या, तिसरीपासून तासावर. हे कलम बाईंचं. साहेबांचा स्वभाव माहीत असल्याने मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

साहेबांनी सही केली. 'मजकूर कोण देणार' यापुढची जागा कोरी होती. त्यांनी पेन न उचलताच तिथे माझं नाव लिहून टाकलं.