ती फास्ट, तो फास्ट

ताईचा मेसेज आला तेव्हा माझे हात सुरमईच्या हळद-मिठाने माखले होते. करंगळीने मोबाइल उघडला. ‘निघाले. आज फास्ट.’ एवढंच.

ताई डोंबिवलीला राहते. महिन्यातून एखाद्या बुधवारी ठाण्याला माझ्याकडे जेवायला येते. बुधवारच का, हे मासे खाणाऱ्यांना सांगायला नको आणि न खाणाऱ्यांना सांगून उपयोग नाही. येते ती नेहमी स्लोनेच. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, प्रत्येक स्टेशनाची हजेरी घेत. त्यामुळे फास्ट म्हटल्यावर मला काळजीच वाटली. कर्जत-कसाऱ्याकडून भरून आलेल्या फास्टमधून ठाण्याला उतरायचं तर डोंबिवलीपासूनच दारात जागा धरावी लागते, आणि ताईचे गुडघे आता त्या कामाचे राहिलेले नाहीत. हात धुतले, सुरमई फ्रिजमध्ये ढकलली आणि स्टेशन गाठलं.

पाच-सहा नंबरवर जाऊन उभा राहिलो. २०२४ साली ६३ तासांचा ब्लॉक घेऊन हा फलाट रुंद केला. त्याआधी आम्हा ठाणेकरांच्या लेखी फलाट म्हणजे दोन बाजूंच्या गाड्यांमधून उरेल ती जागा. आता रुंद झालाय, म्हणजे तेवढी माणसं जास्त मावतात. इंडिकेटरवर ‘एफ’ लागत होता. एक फास्ट आली, गेली. दुसरी आली, गेली. लहानपणी आम्ही दोघं आत्याकडे जाताना हट्टाने फास्टनेच जायचो, कारण तेव्हा फास्ट पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ चा बोगदा, चांगला सव्वा किलोमीटरहून लांब. आत शिरताच डब्यातली यच्चयावत पोरं किंचाळायची आणि आई आमच्या तोंडावर हात ठेवायची. नव्या मार्गिका झाल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, फास्ट लोकल त्या बोगद्यातून जातच नाहीत. मेल गाड्या जातात. त्यात कोण किंचाळणार?

तिसरी फास्ट गेली आणि फोन वाजला.

‘अरे, आहेस कुठे? मी तुझ्या दारात उभी आहे.’

‘मी पाच नंबरवर. फास्टने येतेयस ना?’

‘फास्टने कशाला येईन? अरे, माझा फास्ट!’

माझा. माझी नव्हे. झ ला वेलांटी की काना, एवढं एक अक्षर तिने लिहिलं असतं तर माझा पाऊण तास वाचला असता.

रिक्षाच्या रांगेत मग तोच शब्द घोळत बसलो. इंग्रजांनी या एका शब्दाला विशेषण, नाम आणि क्रियापद अशा तीन नोकऱ्या दिल्यात, वर क्रियाविशेषणाचा ओव्हरटाइम. आपल्याकडे आल्यावर मात्र आपण त्याला सरळ लिंग चिकटवलं आणि घोळ निस्तरला. ती फास्ट म्हणजे लोकल, तो फास्ट म्हणजे उपवास. माझी फास्ट चुकली, माझा फास्ट मोडला. कुणी कुणाला शिकवलं नाही, पण कल्याणपासून कुलाब्यापर्यंत एकाही मराठी माणसाची यात चूक होत नाही. क्रियापदाशी मात्र आपलं जमलेलं नाही. ‘मी फास्ट करतेय’ म्हणणारी बाई उपाशी आहे की घाईत आहे, हे तिच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवावं लागतं. बऱ्याचदा दोन्ही असतं.

आणि ‘फास्टिंग’ तर वेगळीच जात. आईला एकदा रक्त तपासायला नेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘आजी, फास्टिंग आहे ना?’ आई ताठ मानेने म्हणाली, ‘संकष्टी आहे. चंद्र बघितल्याशिवाय अन्नाला शिवत नाही मी.’ मुलगी अनुभवी होती. तिने पेन खाली ठेवलं. ‘ते झालं. सकाळपासून तोंडात काय काय गेलं?’ चहा, दोन खजूर आणि वाटीभर साबुदाण्याची खिचडी. आम्ही परत आलो.

पण या शब्दाशी माझं खरं भांडण पाचवीतलं. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, त्यामुळे पहिले काही महिने आम्ही दिसेल तो इंग्रजी शब्द मोठ्याने वाचत सुटायचो. दिवाळीला आईने बाजारातून पडद्यासाठी लालभडक कापड आणलं. त्याच्या काठावर हातहातभर अंतराने निळ्या शाईत छापलं होतं, ‘फास्ट कलर’. मी वाचलं. ताई सातवीत, म्हणजे आमच्या घरातली ऑक्सफर्ड.

‘फास्ट म्हणजे?’

‘लवकर.’

‘रंग लवकर काय?’

तिने क्षणभर विचार केला. ‘जातो.’

आता यात आमचं काय चुकलं? मराठीत रंग जातोच. गाडी जाते, वेळ जातो, तसा रंगही जातो. मी धावत जाऊन आईला सांगितलं, की दुकानदाराने स्वतःच लिहून दिलंय, रंग लवकर जातो म्हणून. आईने माझ्या टाळक्यात टपली मारली. ‘पक्क्या रंगाचं आहे, विचारून घेतलंय मी.’ पुढच्या आठवड्यात पडदे बादलीत गेले. मी आणि ताई मोरीच्या उंबऱ्यावर बसून बघत होतो. आधी पाणी गुलाबी झालं, मग लाल, मग आई गप्प झाली. त्याच पाण्यात बाबांचे दोन बनियन होते. आई ओलं कापड पिशवीत घालून तशीच दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, ‘साबण जास्त झाला असेल, वहिनी.’ बाबा वर्षभर गुलाबी बनियनवर पांढरा शर्ट घालून ऑफिसला जात होते. ‘पोरांचं ऐकायला हवं होतंस,’ एवढंच ते अधूनमधून म्हणत. अर्थ चुकीचा लावून बरोबर उत्तर आलं, असं माझ्या बाबतीत तेव्हा एकदाच झालं. सहामाहीत ‘द बेबी इज फास्ट अस्लीप’चं ‘बाळ पटकन झोपले’ केलं, तिथे अर्धा मार्कही मिळाला नाही.

रात्री मुद्दाम जाडा शब्दकोश काढला. दुकानदार निदान शब्दापुरता खरा निघाला. जुन्या इंग्रजीत फास्ट म्हणजे घट्ट, पक्कं, हलणार नाही असं. वेगाचा अर्थ नंतरचा. घट्ट धरायचं, नेटाने करायचं, नेटाने धावायचं, असं करत करत तो शब्द एकदाचा पळायला लागला. उपवासही त्याच मुळातून आला. नेम घट्ट धरून ठेवायचा, तो फास्ट. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. कारण आपणही उपवास ‘करतो’ कमी आणि ‘धरतो’च जास्त. सोमवार धरतो, एकादशी धरतो, नंतर तो सोडतो. गाडीसुद्धा धरतोच की. हे इंग्रजांना कुणी सांगितलं नसणार आणि आपल्यालाही त्यांनी. गाडीच्या काचेवरचा तो फास्टॅग घट्ट चिकटलेला असतो म्हणून फास्ट की टोलनाक्यावरून भुर्रकन सुटतो म्हणून, हे आता मला सांगता येणार नाही. भाचा जर्मन शिकतो. तो म्हणतो, जर्मनमध्ये ‘फास्ट’ म्हणजे जवळजवळ. माझ्या नोकरीच्या काळातल्या बऱ्याचशा फास्ट त्या हिशेबाने जर्मन होत्या. जवळजवळ मिळाल्या.

पण हे सगळं रात्रीचं. दुपारी घरी पोचलो तर ताई जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. मी कुलूप उघडलं आणि आधी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे गेलो. एकादशी नाही, चतुर्थी नाही. नुसता बुधवार.

‘बुधवारी कसला गं उपवास?’

‘धरलाय.’

घरात साबुदाणा नव्हता. केळी होती, दाणे होते. तिने दाणे घेतले आणि एकेकाचं साल काढून बशीच्या कडेला रचत बसली. मला राहवेना. म्हटलं, उपवास लिहिलं असतंस तर मी सुरमई आणली नसती, फलाटावरही गेलो नसतो. हल्ली हे फास्ट-फास्ट काय काढलंयस?

‘उपवास म्हटलं की जो तो विचारतो, कसला,’ ती म्हणाली. ‘फास्ट म्हटलं की त्यांना वाटतं, डाएट चाललंय. मग कुणी विचारत नाही.’

मी विचारलं नाही. चहा ठेवला. आधण आलं, आलं किसून टाकलं, तोवर ती काही बोलली नाही.

‘ह्यांचे रिपोर्ट यायचेत उद्या,’ मग म्हणाली. ‘मोठे.’

दूध घातलं. चहा गाळला. तिने कप हातात घेतला आणि नुसताच धरून बसली.

‘सुरमई राहील का रे शुक्रवारपर्यंत?’

‘राहील,’ मी म्हटलं, आणि डबा वर फ्रीझरमध्ये ठेवला.