सांगलीतला घरचा सर्व्हर: सीजीनॅटला वळसा

विश्रामबागेतल्या घरी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून चालवलेला माइनक्राफ्ट (जावा) सर्व्हर अखेर मिरजेतून उघडला. घरच्या वायफायवर १९२.१६८.१.५० टाकलं की सगळे आत. बाहेरच्यांना मात्र 'कनेक्शन टाइम्ड आउट'. 'रिफ्यूज्ड' आलं असतं तर निदान पलीकडून कुणीतरी नकार देतंय एवढं कळलं असतं. टाइमआउट म्हणजे पॅकेट बहुधा वाटेतच गडप.

लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये टीसीपी २५५६५ उघडं होतं, राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगही होतं, म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून येणारं लॅपटॉपकडे पाठवायची सोय. माइनक्राफ्टच्या सेटिंग फाइलमधली सर्व्हर-आयपीची ओळ रिकामीच ठेवा. तिथं पब्लिक पत्ता टाका असं सांगणारे भेटतात, पण तो पत्ता लॅपटॉपचा नसतोच, मग सर्व्हर पोर्ट धरणार कुठून?

लॅपटॉपवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून बसलो. मित्र मिरजेतून धडका मारतोय, इकडे शुकशुकाट. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पत्ता (राउटरचा इंटरनेटकडच्या बाजूचा) १००.७२ ने सुरू होणारा, आणि बाहेरच्या साइटला दिसणारा भलताच. इथंच उलगडा झाला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून सीजीनॅटसाठी, म्हणजे इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे ठेवते त्या व्यवस्थेसाठी, राखीव आहे. वाड्याला दरवाजा एक, आत बिऱ्हाडं पन्नास, आणि चिठ्ठीवर बिऱ्हाडाचं नावच नाही. वरच्या नॅटवर आपला हात पोचत नाही, त्यामुळे आपलं फॉरवर्डिंग शोभेपुरतं.

स्टॅटिक आयपीला (कायमच्या पब्लिक पत्त्याला) दरमहा पैसे मोजण्यापेक्षा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते, बरं वाटलं. तिथं नॅटची भानगड नाही, फक्त राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते. नियम लिहून २५५६५ तेवढं उघडलं आणि जमलं.

खरी कटकट पत्त्याची. लाइट जाऊन आली की प्रीफिक्स, म्हणजे कंपनीकडून मिळणारा पत्त्याचा पुढचा भाग, बदलतो. म्हणून डायनॅमिक डीएनएसवर (पत्ता बदलला तरी नाव तेच ठेवणारी सेवा) क्वाड-ए रेकॉर्ड, म्हणजे नावासमोरची आयपीव्ही६ पत्त्याची नोंद, ठेवला आणि ओपनडब्ल्यूआरटीमधला (राउटरवरची प्रणाली) फायरवॉलचा नियम पत्त्याच्या शेवटच्या ६४ बिटांवर बांधला. लॅपटॉप स्वतःहून तात्पुरते पत्तेही घेतो. डीएनएसमध्ये त्यातला एखादा गेला तर थोड्या वेळाने तो बाद होतो आणि सगळे पुन्हा बाहेर. स्थिर पत्ताच द्यायचा. व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्या खेळाडूंनाच प्रवेश) आधी चालू करा, मग पोर्ट उघडा.

पुण्यातल्या गड्याच्या वायफायला आयपीव्ही६ नाही, तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून खेळतो. त्याच्यासाठी स्वस्तातला व्हीपीएस (पब्लिक पत्ता असलेला भाड्याचा सर्व्हर) घेऊन घरापासून तिथवर वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढायचा बेत आहे. हाक घरातून बाहेर जात असल्याने सीजीनॅट आडवं येत नाही. नॅटमधली नोंद जिवंत राहावी म्हणून कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने जाणारं छोटं पॅकेट) २५ सेकंदांवर ठेवणार.