चुन्याच्या तुकड्यांची नोंद ४: तडे का गेले ते सापडलं

मागच्या वेळी तिसऱ्या तुकड्याला तडे गेल्याचं सांगितलं होतं, तर मंडळी कारण सापडलंय, चुना चांगलाच होता, तो सोलापूरच्या उन्हात पकायच्या आधीच वाळला.

नवीन लोकांसाठी सांगतो, गावाकडची एक भिंत चुन्यानं परत करायचीय म्हणून मी आधी छोटे तुकडे करून बघतोय, तुकडा म्हणजे जुन्या विटांवर एक बाय एक फुटाचा इंचभर जाड गिलावा. महिनाभर पाण्यात मुरवलेला चुना एक भाग, सुरखी म्हणजे विटांचा बारीक चुरा एक भाग, वाळू दोन भाग आणि गुळाचं पाणी. तिसरा मी एप्रिलमध्ये गच्चीवर केला, पारा ४२, संध्याकाळपर्यंत कोरडाठाक, आणि मी खूश की झालं काम! पण चुन्याचं वाळणं वेगळं आणि पकणं वेगळं. चुनखडी साधारण ९०० अंशाला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना राहतो, तो पाण्यात विरवून भिंतीवर मारला की हवेतला तोच वायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला ओल लागते, ओल संपली की सगळं तिथंच थांबतं. सुरखीचंही तसंच, पाण्याशिवाय ती चुन्याशी जुळत नाही.

खात्री करायला दुसरा आणि तिसरा तुकडा फोडून फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रंग बदलणारं रसायन टाकलं, कच्चा चुना गुलाबी होतो, पकलेल्याला रंग येत नाही. तिसरा अगदी वरच्या कडेपर्यंत गुलाबी. दुसरा, जो उत्तरेच्या भिंतीला सावलीत ओल्या गोणपाटाखाली चार महिने होता, त्याचा वरचा ५-६ मिलिमीटर थर गुलाबी झालाच नाही आणि नखानं ओरखडासुद्धा उठत नाही. हे बघून मला काय आनंद झाला कसं सांगू!

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या गवंडीमामांना दाखवलं तर म्हणाले, "चुन्याला बाळंतिणीवानी जपायला लागतंय बघा, वारं लागू द्यायचं न्हाई." त्यांनीच थापीचं, म्हणजे ठोकायच्या लाकडी फळीचं सांगितलं, गिलावा ओला असताना दोन-तीन दिवस थोडा थोडा ठोकत राहायचा, म्हणजे बारीक तडे तिथंच मिटतात.

मधे एका रविवारी सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलला जाऊन आलो, भीमा-सीनेचा संगम, पहाटे निघालो म्हणून निवांत बघता आलं. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख सगळ्यांना माहीतच आहे, पण मी या खेपेला दगडांचे सांधेच बघत बसलो. घडीव दगड एकावर एक, नुसत्या वजनावर आणि खाचांवर तोललेले. लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, खरं तर ज्याच्यावरून हे नाव पडलं तो यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, हा लेख त्याच्या दोनशे वर्षं आधीचा, म्हणजे ही पद्धत आपल्याकडे आधीपासूनच मुरलेली होती. नदीकाठाला हे सांधे का टिकले असतील याचा माझा अंदाज असा की पुराचं पाणी आत शिरतं तसं फटींतून निघूनही जातं, आत कोंडत नाही. आमच्या गावाकडच्या माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या घराच्या) दगडमातीच्या भिंतीला सिमेंट मारल्यावर उलट झालं, ओल आत अडकली, पांढरा क्षार फुटला आणि दोन पावसाळ्यांत पोपडे. हीच ती भिंत, हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच.

चौथा तुकडा सावलीत केलाय, तीन दिवस थापी मारली, वर ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ पाणी. यात अंबाडीचे धागे बोटभर कापून टाकलेत, चुन्यात घालतात तो बेलफळाचा गर मात्र टाकला नाही, एका वेळी एकच बदल नाहीतर कशानं काय झालं कळणार नाही. आज अठरावा दिवस, एकही तडा नाही.

संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या ६८ लिंगांच्या वाटेनं निघतात, त्याआधी ती वाट पायी करून कुठल्या देवळावर जुना चुना शिल्लक आहे आणि कुठं ऑइलपेंट बसलाय ते वहीत टिपणार आहे. कुणाला यायचं असेल तर सकाळी सहाला सिद्धेश्वर तळ्याजवळ भेटू, पाण्याची बाटली आणा.