भरताच्या वासाची बीअर

मागच्या सुट्टीत घरी बडोद्याला आलो होतो तेव्हा एका रात्री जेवणं झाल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर सगळी चुलत-मावस मंडळी जमली, आणि मावसभावाने तोच प्रश्न टाकला जो गेली चार वर्षं मला प्रत्येक जण विचारतोय, काय रे जर्मनीत राहतोस तर तिकडची बेस्ट बीअर कुठली ते सांग ना. आणि हे विचारताना सगळ्यांच्या हातात काय, तर जिरा सोडा. मी बोलायला लागलो ते दोन तास बोललोच, आई दोनदा वर येऊन "झोपा आता" सांगून गेली, तरी पूर्ण उत्तर काही झालं नाही. म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी एक सांगतो म्हणजे मी कुठून सुरुवात केली ते कळेल. बडोद्यात वाढलेल्या मुलाला बीअरची चव वगैरे काही माहीत नसते. दारूबंदीचा कायदा १९४९ चा, मुंबई राज्याच्या काळातला, १९६० ला गुजरात वेगळं झालं तरी त्यांनी तो सोडला नाही. (आणि गंमत बघा, ज्या अलेंबिकच्या नावाचा आमच्याकडे आख्खा रोड आहे ती कंपनी १९०७ मध्ये सुरू झाली तेव्हा टिंक्चर आणि अल्कोहोलच बनवायची. नावसुद्धा दारू गाळायच्या भांड्याचं.) तर आमच्यासाठी बीअर म्हणजे दमण. कलाभवनची (म्हणजे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची) शेवटची परीक्षा झाली, चार जण एका गाडीत कोंबून दमणला गेलो, समुद्राकडे पाठ करून बसलो आणि जे समोर आलं ते प्यायलो. कुठली होती ते आठवत नाही, थंड होती एवढं आठवतंय, आणि कडू. मला अजिबात आवडली नव्हती पण चारचौघांत तसं कोण बोलणार.

मग नोकरीने मला नेलं एरलांगेनला. न्यूर्नबर्गच्या शेजारचं गाव, नकाशावर बव्हेरियात. आता नियतीचा विनोद म्हणा किंवा काही, पण या भागाला फ्रँकोनिया म्हणतात आणि इथे दर दुसऱ्या-तिसऱ्या खेड्यात स्वतःची ब्रुअरी आहे, एवढ्या ब्रुअऱ्या एवढ्याशा भागात दुसरीकडे सापडणं कठीण. ड्राय स्टेटमधून उचलून डायरेक्ट इथे.

आणि तरी पहिले आठ महिने मी बोअर बीअर पीत होतो!

कारण सुपरमार्केटात जायचो आणि जे नाव आधी ऐकलेलं, ज्याची जाहिरात एअरपोर्टवर दिसलेली, तेच उचलायचो. ते बहुतेक उत्तरेकडचं पिल्स (बीअरचीच एक जात), जिभेवर कडू, एकदम कोरडं. आपली जीभ कुठली, तर वरणात गुळाचा खडा टाकणाऱ्या घरातली. बाहेर गुजराती, घरात मराठी, पण स्वयंपाकघरात दोघांनी मिळून गोडावर सेटलमेंट केलेली. मला वाटायला लागलं की आपल्यालाच बीअर कळत नाही बहुतेक, काही लोकांना कारलं आवडत नाही तसं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक इथलाच माणूस बसतो, पन्नाशीचा, बोलतो फार कमी. त्याने एकदा माझ्या फ्रिजमध्ये काय आहे ते विचारलं आणि मी नाव सांगितल्यावर असा चेहरा केला की मला एकदम ओळखीचा वाटला, आणि मग आठवलं, कोणी पाहुणा बडोद्यात येऊन मॉलमधला पॅकबंद चिवडा घेऊन आला की आमच्या काकाचा चेहरा अस्साच होतो. अरे बडोद्यात आलास ना, मग लीलो चिवडा घे, आमचा तो बटाट्याचा ओलसर, तोही कुठल्या दुकानातला ते विचारून घे, आणि आजच खा. सेव-उसळीवर तर आमच्याकडे भावाभावांत अबोला होऊ शकतो. आणि मी मात्र नव्या देशात येऊन बीअरचा पॅकबंद चिवडा खात बसलो होतो, हे डोक्यात शिरायला आठ महिने लागले.

मग त्याने मला गेट्रेंकेमार्क्टला नेलं. म्हणजे नुसतं पेयांचं गोडाऊनसारखं दुकान. तिथे वीस बाटल्यांचा क्रेट घ्यायचा पण आख्खा एकाच जातीचा घ्यायलाच पाहिजे असं नाही, सुट्ट्या बाटल्या निवडून भरता येतो. मी वीस वेगवेगळ्या भरल्या. नियम एकच ठेवला, जिथे सायकलने जाता येईल अशाच गावांतल्या. घरी येऊन एक्सेल शीट केली (इंजिनिअर, काय करणार), कॉलम होते नाव, गाव, रंग, कडू किती, आणि शेवटचा "परत?". त्या कॉलममध्ये हो, नाही, किंवा "आजारी असताना सुद्धा" असं लिहायचं. त्या वीसमध्ये अकरा हो निघाल्या! तेव्हा कळलं, आपल्याला बीअर आवडते, फक्त माल्टच्या (म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्याच्या) बाजूची, पावाच्या कडेसारखी, थोडी भाजल्यासारखी, लांडबीअर केलरबीअर असलं काहीतरी लेबलवर लिहिलेली.

रिकाम्या बाटल्या परत द्यायच्या असतात. बाटलीमागे ८ सेंट अनामत असते, खटक्याच्या झाकणवाली असेल तर १५, आणि प्लास्टिकच्या क्रेटचे दीड युरो. लहानपणी गोटी सोड्याची बाटली तिथेच पिऊन परत द्यायला लागायची, तसंच, फक्त इथे मशीन आहे आणि मशीन शिव्या देत नाही.

केलरबीअरबद्दल जरा जास्त बोलतो कारण माझा जीव तिथे आहे. केलर म्हणजे तळघर. पूर्वी फ्रिज नव्हते तेव्हा डोंगराच्या पोटात बोगदे खणून तिथे बीअर मुरवत ठेवायचे, आणि वरची जमीन तापू नये म्हणून चेस्टनटची मोठी झाडं लावायचे. मग लोक त्या झाडांच्या सावलीत बाकं टाकून तिथेच प्यायला बसायला लागले. म्हणून इथे लोक "तळघरात" जात नाहीत, "तळघरावर" जातात, भाषेतच तसं बोलतात. पहिल्यांदा मला वाटलं माझं जर्मन कच्चं आहे. एरलांगेनची जत्राही असल्याच तळघरांवर भरते, १७५५ पासून, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमाराला बारा दिवस, आणि तिथे लिटरचा दगडी मग मिळतो. त्या बारा दिवसांत ऑफिसात काम होतं असं म्हणणं म्हणजे नवरात्रात बडोद्यात सकाळी आठला कोणी फ्रेश असतो म्हणण्यासारखं आहे.

पण जत्रा सोडा, खरी मजा साध्या मंगळवारी संध्याकाळी खेड्यातल्या तळघरावर. या बीअरमध्ये फेस कमी, गॅस कमी, कारण काही ठिकाणी मुरताना पिंपाचं बूच घट्ट लावत नाहीत, गॅस निघून जाऊ देतात. थोडी गढूळ दिसते. अर्ध्या लिटरला इथे झाइडला म्हणतात. आणि सगळ्यात भारी गोष्ट, बऱ्याच तळघरांवर खायचं घरून न्यायला चालतं! बीअर त्यांची घ्या, डबा तुमचा. लोक टेबलक्लॉथ आणतात, मुळा आणतात, चीज आणतात. आम्ही नेले थेपले, भाकरवडी आणि घरून आलेल्या पार्सलमधला लीलो चिवडा. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना चिवडा दिला तर त्यांनी चमच्याने खाल्ला, डाळिंबाच्या दाण्यासारखे एक-एक कण निवडून, आणि मग आमच्या टेबलावर एक झाइडला पाठवला. बटाट्याचा तो ओलसर, गोड-आंबट चिवडा आणि ती कमी गॅसची ब्राऊन बीअर, काय जोडी आहे यार, कोणी आधी का नाही सांगितलं!

बाकीच्या जातींचं पटकन सांगतो. वाइत्सेन, म्हणजे गव्हाची. गढूळ, उंच ग्लासात, आणि वास घेतला तर चक्क शिकरण आणि लवंग. त्यात केळं पण नसतं आणि लवंग पण नसते, ते सगळं यीस्ट करतं. १५१६ चा बव्हेरियाचा तो फेमस शुद्धतेचा कायदा आहे ना, बीअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) एवढंच पाहिजे म्हणणारा, त्यात यीस्टचं नावच नाही, आणि गहू तर नाहीच. मग गव्हाची बीअर कशी, तर पुढे राजघराण्याने ती बनवायचा हक्क स्वतःकडे ठेवला. कायदा सगळ्यांना, सूट राजाला. ओळखीचं वाटतंय? असो. बॉक, ही शरदात येते, दिसायला साधी पण सहा-सात टक्क्यांची, मी साधी समजून दोन प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कॅमेरा ऑफ. राडलर, बीअरमध्ये लिंबाचं गोड सोडापेय, उन्हात सायकल चालवून आल्यावर. यावर हसणाऱ्यांना हसू द्या.

अजून एक गोष्ट जी मला इथल्या लोकांची फार आवडली. यांना बव्हेरियन म्हटलं की राग येतो. आम्ही फ्रँकन, बव्हेरियात आम्हाला नेपोलियनच्या काळात घातलं, असं दोनशे वर्षांनंतरही काल झाल्यासारखं सांगतात. मी म्हटलं भाऊ, मला काय सांगतोस, पुण्यात गेलो की आम्ही गुजराती आणि बडोद्यात शाळेत मराठी. त्या कमी बोलणाऱ्या शेजाऱ्याने त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग बांबेर्ग. एरलांगेनहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासात. जुनं गाव १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे पण लोक येतात बीअरला. तिथे मार्स ब्रॉय नावाची ब्रुअरी आहे, त्यांची उघड्या बुचाची केलरबीअर मागायची तर फक्त "आ ऊ" म्हणायचं. "आ" म्हणजे एक आणि "ऊ" हे त्या बीअरच्या जर्मन नावाचं पहिलं अक्षर. आता आमच्या घरी पणजीला सगळे आऊ म्हणायचे. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, भिंतीवर फोटो आहे. तिच्या नावाने भर काउंटरवर बीअर मागताना माझा आवाजच फुटेना, तीनदा "सॉरी?" झालं. आऊ, माफ कर.

आणि मग "श्लेंकेरला" नावाची बीअर प्यायची जागा. गावाच्या मधोमध जुनं लाकडी घर, १४०५ पासूनचा उल्लेख आहे म्हणतात. इथे राउखबीअर मिळते, म्हणजे धुराची बीअर. पूर्वी भिजवून मोड आणलेली बार्ली उघड्या आगीवरच सुकवायचे त्यामुळे सगळीच बीअर थोडी धुरकट असायची, पुढे धूर न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जगभरातून तो वास गेला. बांबेर्गमध्ये एक-दोघांनी बीचच्या लाकडाची आग सोडलीच नाही. बीअर काळपट, लाकडी पिंपातून ओतलेली. पहिला घोट मला भयंकर वाटला. आसपासचे सगळे म्हणतात हॅमसारखा वास येतो, पण मी हॅम कधी खाल्लंच नाही तर मला काय कळणार, मला फक्त एवढं कळत होतं की हा वास मला माहितीये आणि नाव आठवत नाहीये. पहिला ग्लास कसाबसा संपवला. तिथे सगळे सांगतात की तिसऱ्याला आवडते. मला दुसऱ्याला आवडली, पण वास कसला ते काही सापडलं नाही. एक्सेलमध्ये लिहिलं "ओळखीचा, विचारणे".

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, ताडीसुद्धा नाही, नीरा फक्त, ती पण सूर्य उगवायच्या आत. मी त्यांना बांबेर्ग दाखवायला नेलं, श्लेंकेरलाच्या दारात उभं राहून म्हटलं बाबा तुम्ही सफरचंदाचा ज्यूस घ्या, मी फक्त एक पितो. बाबा म्हणाले, "पी की, मी काय तुझा हात धरतोय?" आत गर्दी, बाकावर दाटीवाटीने बसलो, माझा ग्लास आला. बाबांनी तो माझ्याकडून मागून घेतला. आई बघायला लागली. मी पण. त्यांनी ग्लास नाकाखाली धरला, डोळे मिटले, दोन सेकंद थांबले आणि आईकडे वळून म्हणाले,

"अगं, हे भरीत आहे."

आईने पण वास घेतला. "वांगं थोडं जास्त भाजलंय," ती म्हणाली, आणि ग्लास मला परत दिला.

इतके दिवस मी शोधत होतो तो शब्द. कोळशावर भाजलेलं वांगं, साल काढताना बोटांना येतो तो वास. शीटमध्ये तिथेच बसून दुरुस्त केलं.

तर गच्चीवर मावसभावाला मी हे सगळं सांगितलं तरी तो शेवटी म्हणालाच, "ते सगळं ठीक, पण नंबर एक कुठली?" मी म्हटलं येऊन राहा पंधरा दिवस, सायकल देतो. तो म्हणाला व्हिसा लागतो, दमणला नाही लागत. वर सोडा संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून जेटलॅगमध्ये लोळत होतो, खाली आईने गॅसवर वांगं ठेवलं होतं, धूर जिन्यातून वरच्या खोलीपर्यंत आला. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "ऊठ, तुझं बांबेर्ग जळतंय."