ओनर-कीची दुसरी प्रत

गेल्या पावसाळ्यात कुर्ला स्टेशनच्या पुलावर गर्दीत माझा फोन गेला. फोनची हळहळ दोन दिवसांची. पण त्याच रात्री आठवलं की हाइव्ह नावाच्या, लेखनाला डिजिटल नाणी देणाऱ्या नेटवर्कवरच्या माझ्या मास्टर पासवर्डचा (खात्याच्या सगळ्या चाव्या ज्यातून निघतात त्याचा) स्क्रीनशॉट मी कधीतरी काढून ठेवला होता, आणि माझी गॅलरी आपोआप क्लाउडवर चढते. पोटात गोळा आला. मार्च 2020मध्ये स्टीम नावाच्या जुन्या नेटवर्कमधून फुटून हाइव्ह वेगळं झालं, तेव्हापासूनचं माझं सगळं लेखन आणि त्यावर मिळालेले टोकन, म्हणजे तीच डिजिटल नाणी, त्या एका खात्यात आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे एका खात्याला चार चाव्या, म्हणजे अक्षर-आकड्यांच्या लांब गुप्त ओळी, असतात. पोस्टिंगने लिहायचं, अॅक्टिव्हने पैसे पाठवायचे, मेमोने खाजगी निरोप वाचायचे. चौथी ओनर. ती ज्याच्या हातात, तो बाकीच्या सगळ्या बदलू शकतो. चोरी झालीच, तर 30 दिवसांच्या आत जुनी ओनर-की दाखवून खातं परत मिळवता येतं, पण त्यासाठी आपल्या रिकव्हरी खात्यानेही, म्हणजे अशा वेळेसाठी आधीच नेमलेल्या दुसऱ्या खात्याने, होकार द्यावा लागतो. बँकेसारखी फोन करायला शाखा नाही.

रात्रीच नवा पासवर्ड तयार केला. बदलायचं बटण दाबण्याआधी तो कागदावर उतरवला, हा क्रम फार महत्त्वाचा. पासवर्ड बदलला की चारही चाव्या बदलतात. फोनमध्ये आता फक्त पोस्टिंग-की ठेवली आहे.

खरं काम पुढे होतं, ओनर-की टिकेल अशी कागदावर उतरवण्याचं. आमचं घर तळमजल्यावर. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या ट्रंकेतली बाबांची कागदपत्रं भिजली आणि शाई पसरून एकही सही वाचता येईना. म्हणून आधी जेलपेन आणि पेन्सिलने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी जेलपेनचं निळं पाणी झालं होतं, पेन्सिल जशीच्या तशी. पेन्सिल ठरली. झेरॉक्सच्या दुकानात ही गोष्ट न्यायची नाही, हे तर आधीच ठरलेलं.

ओनर-की 51 अक्षरांची असते, 5ने सुरू होते. त्यात शून्य आणि मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल मुद्दामच नसतात, गोंधळ होऊ नये म्हणून. तरी माझा गोंधळ झालाच. मी घरी नसताना ही चावी वापरायची वेळ बायकोवर येऊ शकते, म्हणून तिलाच कागद दिला. वाय-फाय बंद केलेल्या जुन्या लॅपटॉपवर तिने एकेक अक्षर बघत टाईप केलं. चावी अवैध. पुन्हा केलं, पुन्हा तेच. या चावीत चुकीचं अक्षर पकडणारी तपासणी असते, त्यामुळे निदान चूक लपली नाही. शेवटी तिनेच बोट ठेवलं, "हा व्ही मोठा की छोटा?" माझ्या हस्ताक्षरात दोन्ही सारखेच होते. एस, डब्ल्यू, एक्स, झेड यांचंही तेच.

तो कागद फाडून जाळला. नव्यावर चार-चार अक्षरांचे गट पाडले आणि प्रत्येक मोठ्या अक्षराखाली रेघ मारली. या वेळी पहिल्याच प्रयत्नात चावी चालली, आणि तिच्यातून निघालेली एसटीएमने सुरू होणारी सार्वजनिक चावी, म्हणजे तिची सगळ्यांना दिसणारी जोडीदार, माझ्या खात्यावर दिसते तिच्याशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली. दुसरी प्रतही तशीच पडताळली.

रिकव्हरी खातं म्हणून अजूनही ज्या सेवेने सुरुवातीला खातं काढून दिलं तिचंच नाव होतं, आणि तिकडून कित्येक वर्षांत उत्तर नाही. ते बदलून एका जुन्या मित्राचं घातलं. हा बदल लागू व्हायला 30 दिवस जातात. मी कॅलेंडरवर खूण करून एकतिसाव्या दिवशी पाहिलं, तेव्हा कुठे झोप लागली.

एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आहे. दुसरी साताऱ्याला आत्याकडे घेऊन गेलो. "खरेदीखतासारखं जप गं," एवढंच सांगितलं. तिने काही विचारलं नाही, पाकीट स्टीलच्या डब्यात सातबाऱ्याखाली सरकवलं आणि झाकण दाबून बसवलं.