पहिल्या प्रमेयातलं न लिहिलेलं गृहीतक

मी भूमिती शिकवते. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथातलं पहिलंच प्रमेय फळ्यावर काढताना माझा हात दरवर्षी एका जागी थांबतो. दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढायचा आहे. एका टोकावर कंपास टेकवून रेषाखंडाएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, दुसऱ्या टोकावरून तसंच दुसरं. दोन्ही वर्तुळं जिथे छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडला की झाला त्रिकोण. पण ती एकमेकांना छेदतातच, हे कशावरून? पुढचं सगळं ज्यांच्या आधारावर उभं करायचं ती गृहीतकं आणि सामाईक तत्त्वं युक्लिडने आधीच मांडून ठेवली आहेत. त्यांत याचं उत्तर नाही. आकृती बघितली की ते दिसतंच आणि वाचणाऱ्यालाही दिसणार, यावर सिद्धता उभी आहे. १८९९ मध्ये जर्मन गणिती हिल्बर्टने भूमितीचा पाया नव्याने बांधला, तेव्हा असल्या कितीतरी न बोललेल्या गोष्टी लेखी आल्या.

मला यात युक्लिडचा दोष वाटत नाही. दोन माणसं मिळून विचार करतात तेव्हा कितीही गृहीतकं लिहून काढली, तरी खाली काहीतरी न लिहिलेलं उरतंच. आणि ते दोघांचं एकच असावं लागतं.

मध्यंतरी बाबांच्या तब्येतीवरून ताईचं आणि माझं चांगलंच वाजलं. थर्मामीटर भरपूर ताप दाखवत होता, कपाळ मात्र गार. ताई म्हणाली, लगेच डॉक्टरांकडे नेऊ. मी म्हटलं, थर्मामीटर बिघडलाय. शेवटी तिने तो स्वतःच्या काखेत धरला, मग मी माझ्या. दोघींनाही तेवढाच ताप! वाद तिथेच मिटला. धडधाकट माणसाला एवढा ताप नसतो, दोघींना एकाच क्षणी तो चढणं संभवत नाही, हे कुणी कुणाला पटवून दिलं नाही. ते आधीपासून दोघींचं होतं, म्हणून तर ती तपासणी निकाली ठरली.

नात्यातल्या एका काकांशी बोलताना नेमकं हेच हाती लागत नाही. आकडा दाखवला की ते म्हणतात, आकडे बनवलेले असतात. अहवाल दाखवला तर, लिहिणारे विकले गेलेत. अशा वेळी पुराव्यांची रास वाढवून काही होत नाही. पुरावा म्हणजे काय, हेच दोघांत ठरलेलं नसतं. तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइनने अखेरच्या दिवसांतल्या टिपणांत लिहिलंय की दार फिरायचं तर बिजागऱ्या जागेवर राहिल्या पाहिजेत. शंका घ्यायलाही काही गोष्टी शंकेबाहेर असाव्या लागतात.

पण अशा वेळी करायचं काय, याचं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं उत्तर न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात आहे. ज्या बाबतीत सामान्य माणूस आणि परीक्षक, म्हणजे पारखून बघणारा जाणकार, या दोघांची समजूत सारखी असते, तो दृष्टान्त, असं तिथे सांगितलंय. डोंगरावर धूर आहे, म्हणून आग आहे, जसं स्वयंपाकघरात. त्या स्वयंपाकघराबद्दल कुणाचं दुमत नाही, म्हणून डोंगराबद्दल बोलता येतं. नैयायिकांनी, म्हणजे या परंपरेतल्या विचारवंतांनी, उदाहरणाला अनुमानाचा स्वतंत्र घटक मानलं, शोभेची भर नव्हे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

म्हणून गेल्या खेपेला मी काकांपुढे आकडे ठेवलेच नाहीत. विचारलं, "काका, तुमची जन्मतारीख तुम्हाला कशावरून माहीत?"

"आईने सांगितली. दाखलाही आहे."

"तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही, तरी मानता?"

"मानणारच. आई कशाला खोटं सांगेल? आणि दाखला वेगळ्याच माणसाने लिहिलाय."

दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची दोन कारणं त्यांनी स्वतःहून दिली होती: सांगणाऱ्याला खोटं बोलण्यात फायदा नाही, आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून तेच कळतंय. मग मी तो जुना अहवाल काढला आणि त्यांच्याच या दोन कसोट्या लावायला सांगितलं. पहिल्या कसोटीवर तो टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. माझ्या मते टिकतो. त्यावर आम्ही बराच वेळ भांडलो, आणि पहिल्यांदाच आमचं भांडण एकाच गोष्टीबद्दल होतं.