पुणे–कोल्हापूर सीजे-३बीने : साठच्या वेगात थरथरणारं स्टेअरिंग

गाडी महिंद्राची सीजे-३बी जीप, उंच बॉनेटची, ६.००-१६ टायर, पुढे-मागे पाटे (पानांच्या स्प्रिंगा). मूळ अमेरिकी विलीज कंपनीची ही रचना १९५३ची. तीन गिअर आणि ५.३८ रेशोचं डिफरन्शियल, त्यामुळे ७०च्या वेगाला इंजिन २,८०० आरपीएमच्या आसपास फिरतं. साठ-पासष्टला ती खुशीत पळते, आणि तेवढ्या वेगात स्टेअरिंग स्थिर राहायलाच हवं. जाताना ते राहत नव्हतं.

कात्रजचा नवा बोगदा सोडला की खेड-शिवापूरपर्यंत ५५ला गाडी सरळ. शिरवळच्या अलीकडे नीरेच्या पुलाच्या सांध्यावर चाक आपटलं आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडायला लागली. वेग ४०च्या खाली आल्यावरच ती थांबली. खंबाटकी चढताना वेगच नसतो, त्यामुळे काही कळत नाही. उतरून भुईंजला कृष्णेच्या पुलावर पुन्हा तेच.

असं सुरू झालं की ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा पण त्याच्याशी झुंजू नका, अंगठे आऱ्यांच्या बाहेर ठेवा. जोरात ब्रेक मारू नका. ब्रेकच्या ताणाने पुढचा ॲक्सल पुढच्या बाजूला पिळला जातो, कॅस्टर (चाक ज्याभोवती वळतं त्या किंगपिनचा मागे कल) आणखी कमी होतो आणि थरथर वाढते.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) टाका’. आमच्या मते तो सगळ्यात शेवटी. डॅम्पर लक्षण दाबतो आणि खाली किंगपिनची बेअरिंगं झिजत राहतात. पुलाचा सांधा किंवा बॅलन्स नसलेलं टायर फक्त सुरुवात करून देतं. थरथर टिकते ती सांध्यांमधल्या प्लेमुळे (ढिलाईमुळे) आणि कॅस्टर कमी पडल्यामुळे.

साताऱ्यात गाडी सपाटीवर लावून तपासणी झाली. चाकं जमिनीवरच ठेवायची. एकाने स्टेअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली शिरून एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा : ड्रॅग लिंकची (स्टेअरिंग बॉक्सकडून बेलक्रँककडे येणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, बेलक्रँक (ती हालचाल दोन्ही चाकांकडे वळवणारा फिरता हात), चारही टाय रॉड एन्ड (बेलक्रँकपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची टोकं), आणि स्टेअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट. एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, तिथे प्ले. इथे बेलक्रँक आपल्या शाफ्टवर स्पष्ट डुलत होता. मग पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. हे करताना दुसऱ्याने ब्रेक दाबून ठेवायचा. ब्रेक दाबल्यावरही चाक हललं तर दोष किंगपिनचा, थांबलं तर व्हील बेअरिंगचा. व्हील बेअरिंगचं नट चाक जड होईपर्यंत आवळून साधारण १/६ फेरा मागे घ्यायचं आणि लॉक वॉशर वाकवायचा.

पुढचं काम कोल्हापुरात. शिवाजी उद्यमनगरात लेथची कामं पटकन होतात. बेलक्रँकला ब्राँझचा बुश तिथेच कातून घेतला आणि शाफ्ट नवा घातला. जुन्या शाफ्टवर नवा बुश घालू नका, काही दिवसांत पुन्हा ढिला होतो. ड्रॅग लिंकचे प्लग पूर्ण आवळून अर्धा ते एक फेरा सैल केले आणि स्प्लिट पिना नव्या घातल्या.

सगळ्यात वेळखाऊ काम किंगपिनचं, आणि इथे घाई करू नये. टाय रॉड सोडा, नकलच्या (ॲक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या भागाच्या) मागचं ऑइल सील सोडवा, नाहीतर सीलचाच अडथळा मोजला जातो. नकल आर्मच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून काटकोनात ओढा. नकल फिरायला १.८ ते २.७ किलो ओढ लागली पाहिजे. कमी लागली तर टोपीखालची शिम (पातळ पत्र्याची चकती) काढा, एका वेळी पातळातली पातळ. बेअरिंगच्या कपात रोलरचे खड्डे पडलेले असतील तर शिम काढून उपयोग नाही : चाक सरळ असताना सैल राहतं, वळवल्यावर जड होतं. तेव्हा कप आणि कोन दोन्ही बदला.

मग कॅस्टर. हवा तीन अंश, म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे कललेलं. गाडी उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) टाकलेले असतात. या जीपला पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे ते लांबवले की कॅस्टर जातो. मागे जादा पान घालून शेपूट उचललं तरी तोच परिणाम. आधी शॅकल मूळ मापाचे करा. तरी कमी पडला तर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घाला. या गाडीत पाटा ॲक्सलच्या खाली आहे, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला नाही ना, तेही तेव्हाच बघा.

टो-इन (चाकं पुढच्या बाजूला जराशी आत वळलेली असणं) शेवटी, १.२ ते २.४ मिमी. बेलक्रँकचा हात ॲक्सलशी काटकोनात ठेवून दोन्ही टाय रॉड जुळवायचे. चाक उचलून फिरवा, टायरच्या मध्यावर खिळ्याने रेघ ओढा, चाकं खाली ठेवून गाडी थोडी पुढे ढकला, पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर अंतर मोजा. मग त्याच रेघा मागे येईपर्यंत गाडी ढकलून पुन्हा मोजा. पुढचं माप कमी हवं.

स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू सगळं झाल्यावर, ड्रॅग लिंक सोडून, चाकं सरळ असताना मध्यावर जेमतेम जडपणा जाणवेल इतकाच. जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी लेनमध्ये भटकते.

परतीच्या वाटेवर पेठ नाका ते कराड ६५ला, भुईंज आणि नीरेच्या पुलांवर ६०ला थरथर नाही. सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर कडेच्या खाचेत चाक गेलं की हिसका बसतो. जाड नक्षीच्या लग टायरवर तो बसणारच, खाच तिरकी ओलांडा. पावसाळ्यात रिमच्या आत चिकटलेला चिखल आधी खरवडून काढा, बॅलन्सिंग त्यानंतर. यू-बोल्ट पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, पाचर घातली असेल तर नक्कीच, कारण ती बसताना थोडी दबते.